पळसाची चित्रगोधडी: फुलांत दाट टीप घातली की काठ लहरतात, काय चुकतंय?

आरमोरीची_सुई

नमस्कार. फुललेल्या पळसाची चित्रगोधडी करायला घेतली आहे, भिंतीवर टांगायची. तयार माप ३६ बाय ४८ इंच. वर मांजरपाट, आत जुन्या सुती पातळाचे तीन पदर, खाली एक अख्खं पातळ. फुलं नि फांद्या वेगळ्या कापून वर तुरपल्या आहेत. मग फुलांच्या घोसात पायमशिनीवर पाव-पाव इंचावर टिपा मारल्या. आभाळ मोकळं दिसावं म्हणून तिथे हाताने चार-पाच इंचांवर एकेकच ओळ घातली.

आता जमिनीवर अंथरली की मधला भाग घट्ट बसतो आणि चारही काठ पापडासारखे लहरतात. इस्त्री करून जात नाही. दुसरं, फांदीच्या वळणावर चुण्या पडल्यात. तिसरं, इस्त्रीआधी पाणी शिंपडलं तर लाल पाकळीच्या भोवती मांजरपाटावर गुलाबी डाग उतरला. तो निघेल का? आणि पळसाच्याच फुलांनी कापड रंगवून त्यात वापरलं तर टिकेल काय जी?

वाकळ_नऊवारी

काठ लहरतात ते टाक्यांच्या दाटपणातल्या फरकामुळे. प्रत्येक टीप कापड थोडं आत ओढते. पाव इंचावर टिपा असलेला भाग जास्त आखडतो, चार इंचांवर ओळी असलेला जवळपास आहे तेवढाच राहतो. मधला आखडला की बाहेरच्या कापडाला जागा उरत नाही, मग ते लहरतं. काठ दाट नि मधला भाग मोकळा असता तर उलट झालं असतं, मधे फुगा आला असता. इस्त्रीने हे जात नाही, कारण कापडात सुरकुती नाहीच, तिथे कापडच जास्त आहे.

घरची वाकळ पाहा. दोन ओळींत बोटभर अंतर, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत तेवढंच. म्हणून ती इतकी वर्षं वापरूनही सपाट राहते. चित्रगोधडीत चित्र कितीही वेगळं असो, हा नियम सोडू नका. घोसात पाव इंच असेल तर आभाळात अर्ध्या इंचापेक्षा जास्त अंतर नको. आभाळ मोकळं दिसायला टाके कमी करायचे नसतात, दोऱ्याचा रंग कापडाच्या रंगात मिसळायचा असतो. मांजरपाटावर त्याच मळकट पांढऱ्या रंगाचा ४० नंबरचा सुती दोरा घ्या. ओळी दिसणार नाहीत, पण कापड धरलेलं राहील.

आभाळातल्या ओळी आडव्या-उभ्या नकोत. फांदीच्या कडेला लागून पहिली ओळ, तिच्याबाहेर अर्ध्या इंचावर दुसरी, मग तिसरी, अशा फांदीचाच आकार धरून बाहेर जाऊ द्या. दोन फांद्यांच्या ओळी जिथे भेटतात तिथे आपोआप हवेची लाट दिसते, आणि उन्हाळ्यातल्या पळसाला ती शोभते. हातटाका इंचाला सहा-सात पुरे. एवढ्या पदरांतून त्याहून बारीक घालायला गेलात तर सुई तिरपी जाते आणि मागे टाका लांबडा पडतो.

तुमची आता करायची दुरुस्ती: घोसातल्या टिपांपैकी एक सोडून एक उसवा, म्हणजे अंतर अर्धा इंच होईल. मग आभाळ अर्ध्या इंचाने भरा, मधून बाहेर जात. पूर्ण झाल्यावर गोधडी ओली करून जाड सतरंजीवर सपाट ताणा, चारही कोपरे गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) काटकोनात आणा आणि दर तीन इंचांवर टाचण्या लावून सावलीत सुकू द्या. थोडाफार उरलेला लहरपणा यात बसतो. पण टाक्यांतला फरक तसाच ठेवून नुसतं ताणलं तर टाचण्या काढल्या की पुन्हा पहिल्यासारखं. आणि हे ओलं करणं लाल रंगाचा बंदोबस्त झाल्यावरच, आधी नाही.

पुढच्या वेळी वरचं कापड ३८ बाय ५० कापा. टाके घातल्यावर इंच-दीड इंच आखडतंच. शेवटी काटकोनात छाटून ३६ बाय ४८ करायचं. अस्तर आणि आतले पदर त्याहून चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त. सगळे थर जमिनीवर ताणून कच्चा टाका मधून बाहेर, चार इंचांच्या चौकटीत. कडेकडून सुरुवात केली तर झोल मधे गोळा होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही.

सुईदोरा_टीप

फांदीबद्दल. सरळ धाग्यात कापलेली पट्टी वळत नाही, म्हणून चुण्या. पट्टी उरेब कापा, म्हणजे कापडाच्या काठाशी ४५ अंशांत. पाऊण इंची फांदीसाठी सव्वा इंच रुंद पट्टी, दोन्ही कडा पाव-पाव इंच आत दुमडून इस्त्री करायची. इस्त्री वरून दाबायची, घासत न्यायची नाही. घासली की उरेब पट्टी लांबते आणि रुंदी कमी होते. लावताना वळणाची आतली कड आधी तुरपा, मग बाहेरची. उलट केलंत तर आतल्या बाजूला जास्तीचं कापड उरतं, तिथेच चुणी. टोकाकडे निमुळती हवी असेल तर पट्टी दीड इंचापासून पाऊण इंचापर्यंत उतरती कापा.

पाकळीला पुठ्ठ्याचा साचा करा. पाव इंच, म्हणजे दोन सूत, कड ठेवून कापा. आत वळलेल्या कडेला कात्रीने बारीक चिरा द्या, खुणेच्या रेघेच्या दोन धागे अलीकडे थांबायचं. बाहेर फुगलेल्या कडेला चीर नको, तिथे कोपरे दिसतात. पळसाची खालची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असते, तिचं टोकच सगळ्यांना छळतं. आधी टोक सरळ आत दुमडा, एका बाजूने टोकापर्यंत तुरपत या, टोकावर एक जास्तीचा टाका घ्या, आत लपलेला कापडाचा कान छाटा आणि मग दुसरी बाजू वळवा. कान राहिला तर टोक बोथट होतं.

मशिनीवर मोकळ्या हाताने टीप मारत असाल तर कापड पुढे सरकवणारे दाते खाली घ्या. जुन्या मशिनीत ती सोय नसेल तर दात्यांवर झाकणपट्टी बसवतात. १४ नंबरची सुई, आणि वरचा ताण नेहमीपेक्षा किंचित सैल. मागे दोऱ्याचे गुंते येत असतील तर बहुतेकदा दाबाचा दांडा खाली करायचा राहिलेला असतो.

झाडीतला

चित्राबद्दल. पळस भरात असतो तेव्हा झाडावर पानं जवळपास नसतात. म्हणून फुलांच्या घोसाशेजारी हिरवीगार पानं लावू नका, झाड खोटं दिसतं. एखाद्या टोकाला कोवळी पालवी किंवा खाली पडलेलं जुनं पान चालेल. पान दाखवलंच तर तिन्ही दलं सारखी कापायची नाहीत. मधलं मोठं नि सरळ, बाजूची दोन लहान आणि देठाशी तिरकी. एकच साचा तिन्हीला वापरला की ते बेलाचं पान वाटायला लागतं.

फुलाचा जीव देठाजवळच्या काळपट मखमली पेल्यात आहे. केशरी पाकळी त्यावरच उठते. काळा नको, गडद तपकिरी मखमल किंवा जुन्या लुगड्याचा काळसर काठ वापरा. कळ्या तर अर्ध्याहून जास्त त्याच रंगात दिसतात. पाकळ्यांना तीन कापडं घ्या: शेंदरी, केशरी आणि एक विटका नारिंगी. विटक्यासाठी वेगळं कापड शोधायची गरज नाही, छापील केशरी कापडाची उलटी बाजू लावा. पाकळीच्या पाठीवर बारीक रेशमी लव असते, ती या उलट्या बाजूने छान येते. फांदी वाकडीतिकडी आणि राखाडी. गुळगुळीत तपकिरी फांदी आंब्याची वाटेल.

एक काळजी: टेरिकॉट किंवा नायलॉनचा तुकडा सुती कापडांत मिसळू नका. गरम इस्त्रीत तो आकसतो किंवा चिकटतो. शंका आली तर एक धागा ओढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, कृत्रिम धाग्याची कडक गोळी होते.

हिरडा_तुरटी

आधी गुलाबी डाग. आता त्याला इस्त्री लावू नका. मोठ्या टबात भरपूर गरम पाणी, हाताला सोसेल एवढं, त्यात दोन चमचे कपडे धुण्याचं लिक्विड. अख्खी गोधडी बुडवा, वर तरंगू देऊ नका, बारा तास ठेवा. सुटलेला रंग भरपूर पाण्यात राहतो, कापडावर परत बसत नाही. पाणी लाल झालं तर नवं पाणी, पुन्हा तेच, पाणी स्वच्छ राहीपर्यंत. अर्धवट ओली ठेवून फक्त डाग घासला तर रंग पसरतो. ब्लीच अजिबात नको, पाकळ्यांचाही रंग जाईल.

मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून विकतच्या रंगीत कापडाचा रंग पक्का होत नाही. जास्तीचा रंग गरम पाण्याने आधीच काढून टाकायचा, हाच उपाय. नवं लाल-केशरी कापड कापण्याआधी धुवा, मग ओलं करून पांढऱ्या फडक्यात दाबून इस्त्री फिरवा. फडक्यावर रंग आला तर पुन्हा धुवा. तरीही येत असेल तर ते कापड या कामाचं नाही.

पळसफुलांचा रंग: १०० ग्रॅम सुती कापड धुण्याच्या सोड्यात अर्धा तास उकळून खळ काढा. २० ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून त्यात रात्रभर बुडवा, पिळा, न धुता सावलीत वाळवा. १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात तास-दोन तास. मग १०० ते २०० ग्रॅम वाळलेली फुलं रात्रभर भिजवून तासभर मंद आचेवर ठेवा, गाळा, त्या पाण्यात कापड पाऊण तास मंद आचेवर, आणि त्यातच थंड होऊ द्या. भांडं स्टीलचं. लोखंडी कढईत पिवळा मरून शेवाळी होतो. चुन्याची निवळी थोडी टाकली की रंग केशरीकडे झुकतो.

टिकण्याचं म्हणाल तर पाण्याला बऱ्यापैकी टिकतो, उन्हाला नाही. फूल लाल-केशरी आहे म्हणून कापडही तसंच निघेल अशी आशा ठेवू नका, मुख्यतः पिवळं निघतं. म्हणून पाकळ्यांसाठी हे कापड वापरू नये. आभाळासाठी, मांजरपाटाच्या जागी, फार सुंदर दिसतं, आणि थोडं विटलं तरी दुपारचं ऊनच वाटतं. फक्त गोधडी समोरच्या दारातून ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका.

आरमोरीची_सुई

सगळ्यांचे आभार. आधी रंगाचं भिजवणं करते, मग उसवणं. दोन गोष्टी राहिल्या: गोट (काठाला लावायची पट्टी) नि टांगायची पट्टी किती लागेल? आणि आतल्या पातळांऐवजी घरचा पिंजलेला कापूस चालला असता का? पराटी, म्हणजे कापसाचं झाड, दारातच आहे.

वाकळ_नऊवारी

चारही बाजू मिळून १६८ इंच, वर बारा इंच कोपऱ्यांना नि जोडाला, म्हणजे १८०. चाळीस इंच पन्ह्याच्या कापडातून अडीच इंची पाच पट्ट्या काढा, तिरपा जोड देऊन लांब करा आणि दुहेरी दुमडून लावा. टांगायला ९ इंच रुंद, ३६ इंच लांब पट्टी. दोन्ही टोकं एकेक इंच आत मोडा, लांबीत दुमडून नळी करा आणि मागे वरच्या काठाखाली अर्ध्या इंचावर तुरपा. नळीची बाहेरची बाजू थोडी फुगीर सोडायची, म्हणजे बांबूची जाडी तिथेच सामावते. घट्ट शिवली तर पुढून आडवा फुगवटा दिसतो.

कापूस चालतो, पण ओळींत दोन इंचांपेक्षा जास्त अंतर असेल तर मोकळा कापूस सरकून गोळे होतात. आणि त्यात सरकीचा एखादा कण राहिला तर इस्त्रीखाली चिरडून तेलाचा डाग वर येतो. अंगावरच्या रजईत ते खपतं, मांजरपाटाच्या आभाळावर नाही. भिंतीवरच्या कामाला पातळाचे पदरच बरे.

उसवताना मागच्या बाजूने दर चौथा टाका कापा आणि पुढून दोरा ओढा, अख्खा सुटून येतो. पुढून टाके कापत गेलात तर पात्याच्या टोकाने पाकळीचं कापड फाटतं. भोकं दिसली तर घाबरू नका, ओलं करून बोटाने चोळलं की धागे जागेवर येतात.