ईसीजी नॉर्मल आहे, तरी स्ट्रेस टेस्ट कशाला?

अबोली:
बाबा ६२ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. दोन मजले चढले की छातीत आवळल्यासारखं होतं, जबडा जड पडतो. जरा थांबले की ओसरतं. ईसीजी आणि टूडी इको दोन्ही नॉर्मल आलेत. डॉक्टर आता ट्रेडमिलवरची टेस्ट करा म्हणतात. काकांचं म्हणणं, रिपोर्ट चांगले असताना उगाच त्यांना पळवू नका. शिवाय बाबांचे गुडघे दुखतात. काय करावं?

निरंजनवात:
अबोलीताई, मी हृदयविकार विभागात तंत्रज्ञ आहे, रोज याच टेस्ट करते. ईसीजी बाबांना झोपवून काढला ना? त्यात दहा सेकंदांची नोंद असते, तीही हृदय निवांत असताना. धमनी ७० टक्के अरुंद असली तरी पडल्या पडल्या लागणारं रक्त पुरतं. म्हणून ईसीजीचा आलेख नॉर्मल येतो आणि इकोत स्नायूही नीट हलताना दिसतो. जिना चढताना मागणी वाढते, पुरवठा तेवढा वाढत नाही. त्रास जिन्यावर होतो, तर तपासणीही श्रमातच व्हायला हवी.

आणि कुणी पळवत नाही हो. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत पट्टा ताशी २.७ किमीने सुरू होतो, चढ मात्र १० टक्के. दर ३ मिनिटांनी दोन्ही वाढतात. २२० मधून वय वजा केलं की १५८, ही बाबांच्या वयाला ठोक्यांची अंदाजे कमाल. त्याच्या ८५ टक्के म्हणजे मिनिटाला साधारण १३४ ठोके गाठायचे. छातीत दुखलं किंवा रक्तदाब घसरला तर त्याआधीच थांबवतात. पट्टा थांबल्यावरही वायरी लगेच काढत नाही, काहींच्या आलेखातला बदल तेव्हाच उमटतो.

मला काळजी वाटते ती गुडघ्यांची. गुडघेदुखीवाले समोरचा दांडा घट्ट धरून सगळा भार हातांवर टाकतात. पट्टा फिरत राहतो, हृदयाला मात्र पुरेसे श्रम होत नाहीत. ठोके ११० च्या आसपास अडकतात, टेस्ट अपुरी राहते आणि घरचे तीच ‘नॉर्मल’ समजून निर्धास्त होतात. फार जीव तुटतो तेव्हा. गुडघ्यांचं डॉक्टरांना आधीच सांगा. डोब्युटामाइन हे ठोके वाढवणारं औषध देऊन स्ट्रेस इको, औषधावरचा परफ्यूजन स्कॅन (हृदयाच्या स्नायूला रक्त कितपत पोचतं ते दाखवणारा) किंवा सीटी अँजिओग्राफी (धमन्यांचा सीटी स्कॅन), यातलं काहीतरी ते सुचवतील.

रानवाट:
माझ्या साध्या ईसीजीतच लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक होता, म्हणजे हृदयातल्या विद्युत संदेशाची डावी वाट अडलेली. अशा वेळी ट्रेडमिलच्या आलेखावरून धमनीतल्या ब्लॉकेजचा अंदाज करता येत नाही, म्हणून मला थेट स्कॅन सांगितला. तेव्हा साधा ईसीजी वाया गेला असं समजू नका, पुढची टेस्ट त्यावरूनच ठरते.

अबोली:
खूप आभार. बाबांची गोळी मेटोप्रोलॉल आहे. टेस्टआधी बंद करायची का?

निरंजनवात:
स्वतःहून अजिबात नको. ती ठोके वाढू देत नाही, म्हणून काही वेळा डॉक्टर एक-दोन दिवस थांबवतात. पण अचानक सोडली तर छातीचं दुखणं बळावू शकतं. मला एक सांगा, त्रास आता पूर्वीपेक्षा कमी श्रमात होतोय का?

अबोली:
हो. गेल्या आठवड्यापासून एका मजल्यालाच होतंय.

निरंजनवात:
मग टेस्टची तारीख राहू दे, आत्ताच डॉक्टरांना फोन करून हे सांगा. वाढत चाललेल्या दुखण्यात पट्ट्यावर चढवत नाहीत. आणि बसल्या जागी दुखलं किंवा थांबूनही ओसरलं नाही, तर तडक इमर्जन्सीत न्या.