डेकोरेशनचा घरगुती धंदा: गुमास्ता आणि विम्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी आणि माझी जाऊ ठाण्यात घरूनच बारसं, डोहाळजेवण, वाढदिवसाची सजावट करतो. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) आधारवर फुकटात झाली (एजंट उगाच पैसे मागत होता!). उलाढाल २० लाखांच्या बरीच खाली, म्हणून जीएसटी घेतलेला नाही. गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंदणी) घरच्या पत्त्यावर काढताना सोसायटीची एनओसी मागतात का?

खरी अडचण विम्याची. एका हॉलवाल्याने पब्लिक लायबिलिटी पॉलिसी (आपल्या कामामुळे कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) मागितली आहे. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. फुग्यांच्या कमानीचा स्टँड पंख्याच्या वाऱ्यानेही डुलतो, आणि खालून पोरं पळत असतात. एवढ्याशा धंद्याला वर्षाची पॉलिसी मिळते, की प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी काढायची? भाड्याने आणलेला पाळणा मोडला तर तोही त्यात धरतात का? कुणी काढली असेल तर हप्ता किती बसला तेही सांगा.