घोडा नेमका कोणता?

दौत
एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय. पात्र आधी अंगठ्यानं हॅमर मागे ओढतं, क्षणभर थांबतं, मग ट्रिगर. मी लिहिलं, ‘त्याने घोडा चढवला, मग चाप ओढला.’ संपादकांचा शेरा: घोडा म्हणजेच ट्रिगर, दोनदा कशाला? माझे आजोबा ठासणीच्या बंदुकीच्या मागच्या त्या वाकड्या तुकड्यालाच घोडा म्हणायचे.

रानवाट
आजोबा बरोबर. घोडा अंगठ्याचा, चाप तर्जनीचा. ‘घोडा दाबला’ असं बातम्यांतून छापून छापून घोळ झालाय. रिव्हॉल्व्हर कुठलं आहे? १८७३ चं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन असेल तर दोन्ही क्रियापदं हवीतच. घोडा चढवताना चक्री, म्हणजे गोळ्यांचा फिरता सिलिंडर, एक घर पुढे सरकते; सावकाश चढवला तर चार वेळा ‘खट्’ ऐकू येतं. चाप फक्त अडकलेला घोडा सोडतो. घोडा चढवलाच नाही, तर चाप कितीही ओढा, बार होत नाही.

खलबत्ता
आणि कथा लंडनची असली तर? रॉबर्ट अ‍ॅडम्सच्या १८५१ च्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला अंगठ्यासाठी बोंडच नव्हतं. चाप ओढत न्यायचा, तेवढ्यात चक्री फिरणार, घोडा मागे जाऊन पडणार. ओढ जड, म्हणून नेम हलायचा. त्याच दशकात ब्यूमाँटच्या सुधारणेनं अंगठ्यानं घोडा चढवणं आणि नुसत्या चापानं बार काढणं, या दोन्ही सोयी एकत्र आल्या. तीच डबल अ‍ॅक्शन.

दौत
कोल्टच आहे. पण डबल अ‍ॅक्शनला मराठीत काय म्हणायचं? ‘दुहेरी क्रिया’ वाचवत नाही.

पिंपळपार
‘स्वयंचढ’ म्हणा. शब्द घडवल्याशिवाय रुळणार कसे? चापाचंच बघा, संस्कृत चाप म्हणजे धनुष्य. तोच बाक.

रानवाट
पटत नाही. केसांचा चाप, उंदराचा चाप, ‘चापून चोपून नेसणे’. सगळीकडे दाब आहे, बाक नाही.

खलबत्ता
पोलिसांच्या शस्त्रागारात २२ वर्षं काढली. ‘चक्री’ एकदाही ऐकलं नाही; सिलिंडर, हॅमर, ट्रिगर, बस. आणि मुंबईच्या टोळ्यांत घोडा म्हणजे अख्खं पिस्तूल! रोज हत्यार हाताळणाऱ्यांचा शब्द खरा.

पिंपळपार
मग आजोबांनी काय हाताळलं होतं? त्यांचा घोडा टोळीवाल्यांना देऊन टाकायचा?

रानवाट
मुळीच नाही. पण ‘स्वयंचढ’ही नको. बरं, ‘चापट’ यातलाच का?