रात्री दोनला जाग आली की घरात एकटं असण्याची भीती वाटते

प्रश्न : सातव्या मजल्यावर एकटी राहते, वय ४३. दिवसा माणसांच्या गराड्यात काही वाटत नाही. रात्री दोनला जाग आली की मात्र छाती धडधडते. लिफ्टचा दरवाजा वाजला की श्वास रोखून पावलं मोजते. कडी लावलेली आहे हे माहीत असूनही तीनदा उठून हात लावून बघते. समोरच्या इमारतीत एक खिडकी उजळलेली असते. ती विझली की अगदी पोरकं वाटतं. कुणाला असं होतं का?

उत्तर १ : होतं. मी एका रात्री वही घेऊन बसलो आणि प्रत्येक आवाज लिहून काढला. कट्‌कट् म्हणजे गारव्याने आकसणारं दाराचं लाकूड, घरघर फ्रिजच्या कॉम्प्रेसरची. रहदारी थांबली की हेच आवाज मोठे वाटतात. नाव कळलं की धसका कमी होतो.

उत्तर २ : कडी एकदाच बघा, ताई. पुन्हापुन्हा बघितलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण शंका पक्की होते. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद दिव्यात काहीतरी वाचा. रोजच असं होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. आणि शेजारी कोण राहतं, माहीत आहे का?

प्रश्नकर्ती : नाही हो. चार वर्षं झाली, नावही विचारलं नाही. उद्या संध्याकाळी बेल वाजवते.