डिस्कवर छापलेली ‘१००० वर्षे’ कितपत खरी मानायची?

दप्तरदार: एम-डिस्कवर (डीव्हीडीसारखी, पण दीर्घकाळ टिकावी म्हणून बनवलेली डिस्क) १००० वर्षे, एलटीओ टेपवर (बॅकअपची चुंबकीय फीत) ३०, सर्व्हरच्या हार्ड डिस्कवर २५ लाख तास एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. बॅकअप आखताना हे आकडे हिशेबात धरूच नयेत, असं माझं मत. २५ लाख तास म्हणजे २८५ वर्षे! श्रोडर आणि गिब्सन या संशोधकांनी २००७ साली सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांप्रमाणे वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क जायला हव्या होत्या. बदलाव्या लागल्या सर्रास २ ते ४ टक्के, काही ठिकाणी १३.

चकती: एमटीबीएफ हे एका डिस्कचं आयुष्य नाहीच. वर्षाचे ८७६० तास भागिले २५ लाख, म्हणजे ०.३५ टक्के. १००० डिस्क अखंड चालवल्या तर वर्षाला तीन-चार जातील, तेही नेमून दिलेल्या वापरात, सहसा पहिल्या पाच वर्षांत. शिवाय ‘बदलली’ म्हणजे ‘बिघडली’ नव्हे. परत आलेल्या बऱ्याच डिस्कमध्ये कंपनीला दोष सापडत नाही. आकडा खोटा नाही, तो वाचला चुकीचा जातो.

दप्तरदार: बदलावी लागली की माझ्यासाठी ती गेलीच. आणि सीडी-डीव्हीडीसारख्या ऑप्टिकल डिस्कचं काय? त्यांची चाचणी मानकाप्रमाणे अशी: ६५ ते ८५ अंशांत, ७०-८५ टक्के आर्द्रतेत काही आठवडे ठेवायची, डीव्हीडीच्या सलग ८ ब्लॉकांतल्या पीआय चुका (वाचताना पकडल्या जाणाऱ्या चुका) २८० च्या वर गेल्या की ‘मेली’ म्हणायचं, आणि तिथून २५ अंश, ५० टक्के आर्द्रतेवरचं आयुष्य काढायचं. यात गृहीत एकच: भट्टीत जी रासायनिक क्रिया होते तीच कपाटातही होते, फक्त सावकाश. डेटा धरणाऱ्या रंगद्रव्यावर पडणारं ऊन, कडेने सुटणारा डिंक, काळवंडणारा चांदीचा थर यांतलं ऊन तर त्या चाचणीत नसतंच. कोकणातल्या पावसाळ्यात ५० टक्के आर्द्रता कुठून आणणार?

चकती: पण भट्टीत कोणती डिस्क आधी मरते, हा क्रम उपयोगाचा आहेच. खरेदी त्यावरून करा, वर्षं मोजू नका.

फ्लॅशवाली: एसएसडीबद्दल, म्हणजे फ्लॅश चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कबद्दल, दोघंही गप्प! जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीला टीबीडब्ल्यू (एकूण किती डेटा लिहिता येईल ती ठरलेली मर्यादा) पूर्ण संपल्यावर, वीज बंद ठेवून, ३० अंशांत १ वर्ष डेटा टिकवायचा असतो. सर्व्हरच्या एसएसडीला ४० अंशांत फक्त ३ महिने. हमीची पाच वर्षं कपाटातल्या एसएसडीला लावू नका. कमी लिहिलेली एसएसडी बरीच जास्त टिकते, उकाड्यात मात्र डेटा धरून ठेवणारा विद्युतभार (चार्ज) लवकर गळतो.

दप्तरदार: आणि हमीत मिळते कोरी डिस्क, आतला डेटा नव्हे. म्हणून दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर प्रती, प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइल बदलली का हे दाखवणारा आकडी ठसा), वर्षातून एकदा पूर्ण वाचन. डीव्हीडीत पीआय चुका वाढताना दिसल्या की २८० ची वाट न पाहता नवी प्रत.

चकती: हे मान्य. तरी तो २८० चा आकडा मानकातूनच घेतलात.