कार्ड नंतर घेणार असाल तर ५६०० नको

गेमिंगसाठी सुटे पार्ट घेऊन कॉम्प्युटर जोडणाऱ्यांना ‘आत्ता रायझन ५ ५६०० प्रोसेसर घ्या, ग्राफिक्स कार्ड दिवाळीच्या बोनसमधून बसवा’ असा सल्ला कुणीतरी दिलाय. कृपया असं करू नका. ५६०० मध्ये स्क्रीनवर चित्र दाखवणारं अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड येईपर्यंत नुसते पंखे फिरतील, स्क्रीन काळीच राहील. थांबायचंच असेल तर अंगचं ग्राफिक्स असलेला ५६००जी घ्या, व्हॅलोरंटसारखे हलके गेम त्यावर आरामात चालतात. पण त्यातही मेख आहे: एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आणि पीसीआयई (कार्ड जोडायचा मार्ग) ४.० ऐवजी ३.०. पुढे कार्ड लावलं की ही कसर जाणवते. माझं स्पष्ट मत, थोडे महिने पैसे साठवा आणि ५६०० व आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड एकदमच घ्या. १०८०पी (फुल एचडी) मॉनिटरवर ही जोडी झकास चालते.

कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) मात्र दुकानातच ठेवून या. ६६०० ला जेमतेम १३२ वॉट लागतात, त्यामुळे नावाजलेल्या कंपनीचा ५०० वॉटचा, ब्रॉन्झ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) भरपूर झाला. रॅमची १६ जीबीची एक कांडी नको, ८-८ च्या दोन घ्या. बोर्डावर चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. मग बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू आहे ना ते बघा, नाहीतर बऱ्याचदा ३२०० ची रॅम २६६६ किंवा त्याहून कमी वेगावरच चालत राहते.

पुण्यात पासोड्या विठोबापासून तापकीर गल्लीपर्यंतच्या दुकानांत घासाघीस जरूर करा, पण १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेऊ नका. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.