शॅडो झोनमधल्या पी वेव्हज ओळखायच्या कशा? मदत हवी आहे

अकरावीच्या मुलांना पृथ्वीचे थर शिकवायचेत. साधारण 2900 किमीवर मॅन्टल (कवचाखालचा जाड थर) संपून द्रव गाभा लागतो, पी वेव्हचा (भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी लहर) वेग सेकंदाला 13.7 वरून 8 किमीवर येतो, ती आत वाकते म्हणून भूकंपकेंद्रापासून 104 ते 140 अंशांत शॅडो झोन (थेट पी वेव्ह पोचत नाही असा पट्टा), इथपर्यंत कंपास-कोनमापक घेऊन कागदावर काढून बघितलं, जमलं. पुढे अडलंय. डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी 1929 च्या न्यूझीलंड भूकंपाच्या नोंदींत याच पट्ट्यात क्षीण पी वेव्हज बघून 1936 मध्ये आतला गाभा मांडला (काय नजर असेल बाईंची!), पण गाभ्याच्या कडेने वळून येणाऱ्या लहरीही तिथे पोचतातच ना? एस वेव्हचं (द्रवातून न जाणारी लहर) माहितीये, ते नको. सॉफ्टवेअर नाही, गणितही अकरावीपुरतंच. 120 अंशांवरच्या सिस्मोग्राममध्ये (भूकंपाच्या नोंदीचा आलेख) या दोन्ही वेगळ्या कशा ओळखायच्या, फक्त पोचायच्या वेळेवरून की अजून काही खूण असते?